बाजूचा उजेड

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. तिच्या जागी दुसरीच एक पडते — आणि ती इतक्यांदा सांगून झाली आहे की आता सांगताना मी अडखळतही नाही. तुम्हाला आधी तीच सांगतो. नाहीतर खरी कुठून सुरू करायची ते मला कळणार नाही.

सुरतेत आमच्या होस्टेलात फोटोचा नाद लागलेला नवा मुलगा आला, की त्याला माझ्या खोलीकडे पाठवतात. त्याच्यापाशी कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा असतो, खिसा माझ्यासारखाच हलका असतो आणि प्रश्न एकच असतो — घरात, अंधाऱ्या खोलीत फोटो काढायचा तर स्वस्तातला फ्लॅश कोणता घेऊ? मी त्याला खाटेवर बसवतो आणि नीट समजावतो. मॅग्नेशियमची फीत सगळ्यात स्वस्त, पण ती हळूहळू जळते, आणि तोवर समोरच्या माणसाच्या डोळ्यांना धार लागते. काचेचा दिवा सोयीचा — ना धूर, ना आग — पण तो एकदा लखलखला की गेला, आणि लढाई सुरू झाल्यापासून दुकानात दिसतही नाही. राहिली पूड. डबीतली करडी पूड पत्र्यावर ठेवायची, कॅमेऱ्याचं झाकण काढायचं, पूड पेटवायची, झाकण लावायचं. धूर होतो, खोकला येतो, पण आपल्यासारख्याला पूडच बरी.

आणि मग शेवटी मी म्हणतो, "मात्र जपून हं. स्वस्त पुडीनं माझ्या बहिणीचा फोटो बिघडला होता. तिचं जमत आलेलं मोडलं."

मुलगा हळहळतो. एकानं तर माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो.

ती पूड चांगली होती.

हे वाक्य लिहून मी मघाशी उठलो, खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. एवढंसं वाक्य. एका डबीतल्या पुडीबद्दल. पण माझ्या घरातली सगळी माणसं त्या पुडीला दोष देऊन बसली आहेत, आणि तिच्या बाजूनं बोलू शकेल असा जगात मी एकटाच आहे.

आमची नंदुरबारला घाणी आहे. एक बैल, लाकडी उखळ, आणि बैलाच्या मागे फळीवर बसणारं एक माणूस. तीळ, शेंगदाणे, अळशी, जे येईल ते. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. खरं तर शाळेची वरची इयत्ता पाहिलेलाही मीच पहिला. घरी आम्ही अहिराणी बोलतो. हे मी शाळेच्या मराठीत लिहितो आहे — कदाचित म्हणूनच लिहू शकतो आहे. घरच्या बोलीत ही गोष्ट मला सांगता येणार नाही. तिच्यात आक्काचा आवाज आहे.

आक्का माझी थोरली बहीण. माय गेली तेव्हा मी लहान होतो, मला आक्कानंच वाढवलं. तिचं लग्न परकरात असतानाच झालं होतं. सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा तापानं गेला. तेव्हापासून ती घरी आहे. आबांचे गुडघे गेले, आणि घाणीच्या फळीवर आक्का बसू लागली. मी इंग्रजी शब्द पाठ करत असे आणि ती गोल फिरत असे. माझी फी त्या फेऱ्यांतून येत होती. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

आक्काच्या डाव्या गालावर देवीचे वण आहेत. पण ते दिसत नाहीत — म्हणजे, शोधले तर दिसतात. उजेडात ती तुमच्याकडे बघून हसली तर तुम्हाला फक्त हसू दिसेल. तिच्या पेटीत तळहाताएवढा आरसा होता, कडेनं पारा उडालेला. त्यात ती स्वतःला जेवढी दिसत असे तेवढ्यावर ती सुखी होती, असं मला वाटतं.

मी इंटरला असताना दिवाळीच्या सुट्टीत ब्राह्मणपुरीचे मामा एक स्थळ घेऊन आले. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं. त्याला पाट म्हणतात. पाट अंधारात लागतो. वाजंत्री नाही, मांडव नाही, आणि त्या रात्री सवाष्णींनी नवरीचं तोंड बघायचं नसतं. सकाळी ती बाईमाणसांत मिसळते, मग सगळं सुरळीत. कुणी त्याला वाईट म्हणत नाही. रीत म्हणजे रीत. स्थळ होतं रेल्वेतल्या एका सांधेवाल्याचं, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याचं, सुरतेच्या वाटेवरच्या लहान स्टेशनावरचं. बायको वारलेली, पदरी एक लहान मुलगी.

"रेल्वेवाला शे, दाजी!" मामा आबांना म्हणाले. "पगार शे, खोली शे, पास शे. तुमनी पोर गाडीम्हा बठीसन फुकट माहेर ई."

"मंग काय, रोजच ई का ती?" आबा म्हणाले. पण ते हसत होते. आबांना मी असं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

सांधेवाल्याला रजा मिळत नव्हती. त्याचा निरोप असा होता की पाट तर अंधारात लागायचा, तेव्हा निदान एक फोटो तरी आधी दाखवा. यात गैर काय होतं? काहीच नाही. आणि फोटो काढायला घरचाच मुलगा होता, सुरतेत शिकणारा.

 मी आडावर पाणी शेंदत होतो तिथे आक्का आली, घागर उगाच हलवली आणि विचारलं, "भाऊ, त्यानी आंडेर केवढी शे रे?" आंडेर म्हणजे मुलगी. मुलगी केवढी आहे ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, असेल लहानशी. मग तिनं जुन्या चिंध्यांची एक बाहुली शिवली. लाल पदर, काळ्या दोऱ्याचे केस. 

मी सुरतेला परत जाऊन कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन येणार असं ठरलं. आबा म्हणाले, "सस्ती लय, पन चांगली लय." लय म्हणजे आण. मी तसंच केलं. हे मला तुम्हाला ठासून सांगायचं आहे, कारण एवढंच मी नीट केलं. नटू माझा खोलीतला सोबती. त्याच्या काकांचा जुना लाकडी कॅमेरा त्यानं मला दिला, काचेच्या प्लेटचा, पुढे टोपीसारखं झाकण असलेला. आम्ही दोघं दुकानात गेलो. फीत पाहिली, दिवे पाहिले, शेवटी पूड घेतली. पत्र्याची तयार पाटी महाग होती म्हणून मी तेलाच्या डब्याच्या झाकणाला लाकडी मूठ ठोकून ती घरीच केली. पूड पेटवायला शोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद. तो एका टोकाला पेटवला की सावकाश सरपटत पुडीपर्यंत जातो, आणि तेवढ्यात माणसाला हात लांब धरून तोंड फिरवायला वेळ मिळतो.

एवढासा वेळ. तो मिळाला नसता तर?

नाही, तसं नको म्हणायला.

नटूनं मला एक गोष्ट शिकवली होती. त्यानं तांब्याचा पैसा मेजावर ठेवला आणि मेणबत्ती समोरून धरली. राजाचं डोकं सपाट, पुसट दिसलं. मग मेणबत्ती बाजूला नेली, अगदी कडेला — आणि राजाच्या दाढीचा केस न् केस उभा राहिला. प्रत्येक खोलगट जागेत सावली. "पण बहीण नाणं नाही," नटू म्हणाला. "उजेड कॅमेऱ्याला चिकटून धर. बाजूला गेलास तर असलेलं-नसलेलं सगळं वर येईल."

मला समजलं होतं. घरी आल्यावर मी ढेपेच्या तुकड्यावर, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीवर, कंदील धरून करून पाहिलं. समोरून धरला तर पेंड गुळगुळीत. बाजूनं धरला तर खड्डेच खड्डे. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला कुठेही जागा नाही.

मागच्या खोलीत फोटो काढायचं ठरलं. शेजारच्या रहीमचाचांनी, ते पिंजारी, मागे लावायला आपली पांढरी चादर दिली. आक्का चौरंगावर बसली. नवं लुगडं, केस चापून बसवलेले, दोन्ही हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. मी दार लावून घेतलं. आबा कॅमेऱ्यापाशी. मी "आते", म्हणजे आता, म्हटलं की त्यांनी झाकण काढायचं आणि लखलखाट झाला की परत लावायचं. त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं होतं की हात धोतराला पुसून पुसून कोरडे केले होते. मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा राहिलो, पाटी डोक्याच्या थोडी वर धरली. जागा बरोबर होती. खरंच बरोबर होती.

मी कागद पेटवला. म्हणालो, "आते."

आबांनी झाकण काढलं. आणि पोरीचं भलं होतंय या आनंदात, अगदी सहज, हळू आवाजात मला म्हणाले, "हाई गयी म्हंजे घानी तुलेच दखनी पडी, भाऊ. मन्हा गुडघाम्हा आते जीव नही. शिकनं-बिकनं मंग दखसूत."

ही गेली की घाणी तुलाच बघावी लागेल. शिकण्याचं मग बघू.

कागद सरपटत होता. मी त्या लाल टोकाकडे बघत होतो. मला उखळ दिसलं, फळी दिसली, बैलाची पाठ दिसली. आणि मी बाजूला सरकलो.

मी विचार केला नाही, पाय आपोआप गेले, असं म्हणावंसं मला फार वाटतं. कितीदा मी स्वतःला तसं सांगून पाहिलं आहे. पण खोलीत दोन बाजू होत्या. आक्काच्या उजवीकडे मोकळी जागा होती. तिच्या डावीकडे कणगी होती, तिला वळसा घालून जावं लागलं. विचार न करणारा माणूस कणगीला वळसा घालतो का? आबांची नजर झाकणावर होती, आक्काची कॅमेऱ्यावर; मी वळसा घातला, हात लांब केला आणि पाटी आक्काच्या डाव्या गालाच्या रेषेत धरली.

लखलखाट झाला. खोली धुरानं भरली. बाहेरून रहीमचाचा ओरडले, "अरे, फोटू काढी ऱ्हायना का बोंबगोया फोडी ऱ्हायना? मन्ही चादर जळनी ते नवी लिसू, सांगी ठेवस!" सगळे हसले. आबा खोकत खोकत हसले. आक्का सगळ्यात जास्त हसली. तिचे डोळे दिपले होते, ती समोर कॅमेऱ्याच्या दिशेनं हात पुढे करून म्हणाली, "माले ते काहीच दिखी नही ऱ्हायनं! भाऊ, तू कोठे शे?"

मी समोर नव्हतो. ती मला समोर शोधत होती.

सुरतेला नटूनं आणि मी प्लेट धुतली. ओल्या काचेवर ती उलटी, काळ्याची पांढरी दिसत होती, तरी नटूला लगेच कळलं. "अल्या, उजेड कुठे धरला होतास?" मी म्हणालो, पूड स्वस्तातली, भडकली, हात हलला. ते खोटं मी इथे पहिल्यांदा बोललो. नटू म्हणाला, मग पुन्हा काढ की, डबीत पूड आहे. मी म्हणालो, बघतो.

मी बघितलं नाही. त्याच फोटोची एक प्रत मी सांधेवाल्याच्या स्टेशनावर पाठवली आणि एक घरी. सोबत लिहिलं की पूड संपली.

पूड संपली नव्हती. उरलेली आम्ही नाताळच्या आधी होस्टेलच्या जेवणघरात वापरली, सगळ्या पोरांचा मिळून फोटो काढायला. मी पाटी कॅमेऱ्याला चिकटून धरली. त्या फोटोत प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ आला आहे. त्यात एका मुलाच्या तोंडावर आक्कापेक्षा खोल वण आहेत. ते दिसतसुद्धा नाहीत. फोटो अजून जेवणघरात लावलेला आहे. मी त्याच्याकडे पाठ करून जेवतो.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा मामा आलेले होते. चपला न काढता ओसरीच्या कडेला बसले होते. "त्या नही म्हनतस," त्यांनी सांगितलं. "पोर चांगली व्हई, पन फोटूम्हा तोंडवर देवीना वन भलता दिखतस."

आबांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "चूक मन्ही शे. मीच सांगं व्हतं, सस्ती लय म्हनीसन."

तेव्हा बोलायचं होतं. मामा तिथे होते, स्थळ दूर नव्हतं, सांधेवाल्यानं अजून दुसरीकडे शब्द दिला नव्हता. मी तोंड उघडलं आणि काय म्हणालो? म्हणालो, हो आबा, स्वस्त पुडीचं असंच असतं. आबांनी मान हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली — चाळणी फाटो, कंदिलाची काच तडको — की आबा म्हणतात, "सस्ती पूड." लोकांना तो विनोद वाटतो. आबा तो हसत म्हणत नाहीत.

पण आबांचं एकवेळ सोडा. माणसाला चूक झाली असं वाटतं, तो ती उचलतो, चालतो. आक्कानं काय उचललं?

ती त्या संध्याकाळी फोटो घेऊन दारात बसली होती. मावळतीचा उजेड होता. तिनं स्वतःचा फोटो पहिल्यांदाच पाहिलेला. मला जवळ बोलावलं. चिडून नाही — एखादी अवघड गोष्ट शिकलेल्या माणसाला विचारावी तसं विचारलं, "मी अशी दिखस का रे, भाऊ?"

मी म्हणालो, "पूड सस्ती व्हती, आक्का."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिची समजूत घालतो आहे असं तिला वाटलं. भावाचं मन मोडू नये म्हणून ती थोडी हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. यंत्रले मन्हा काय राग शे?"

यंत्राला माझा काय राग असणार. आबांनी पुडीवर विश्वास ठेवला. आक्कानं फोटोवर ठेवला. इतकी वर्षं तळहाताएवढ्या आरशात तिनं जो चेहरा पाहिला होता तो खोटा, आणि मी दाखवला तो खरा, असं तिनं धरून टाकलं. आरसा पुन्हा कधी तिच्या हातात दिसला नाही. पदर डाव्या गालावर आला तो आलाच. पुन्हा एक स्थळ येऊ घातलं होतं, म्हसावदचं. तिनंच नको म्हणून सांगितलं. मी त्या वर्षी इंटर पास झालो. तिनं गल्लीत गूळ वाटला.

आता माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. मागच्या सुट्टीत घरी होतो. दिवेलागणीला एक घाणा उरला होता म्हणून आक्कानं बैल सोडला नव्हता. घाणीच्या खोलीत एकच दिवा असतो, भिंतीतल्या कोनाड्यात. त्याच्या शेजारी ती बाहुली असते, तेलानं काळी पडलेली. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. बैल नेहमीसारखा उजवं अंग उखळाकडे ठेवून फिरत होता, म्हणजे फळीवर बसलेल्या आक्काचा डावा गाल भिंतीकडे. कोनाड्यापाशी आली, की तिचा हात वर जायचा आणि पदर गालावर ओढायचा. कोनाडा मागे पडला, अंधाराची बाजू आली, की हात सुटायचा, पदर घसरायचा. पुन्हा कोनाडा, पुन्हा हात. खोलीत मी सोडून कुणी नव्हतं. तिला ते कळतही नसावं. बैलाला वळण कळतं तसं तिच्या हाताला दिवा कळत होता.

घाणा संपेपर्यंत मी ते पाहत बसलो. मधे एकदा, अंधाराच्या बाजूनं जाताना, ती म्हणाली, "वाच ना मोठ्ठ्यानं. माले आइकाले बरं वाटस."

मी मोठ्यानं वाचलं.